बादलीतलं पाणी आणि लोणारचं पाणी



या मालिकेत मला बोलवलं तेव्हा संयोजकांची अपेक्षा होती की मी सीमेवरचे किस्से सांगेन. फौजी माणूस दिसला की लोक किस्सेच मागतात. पण निवृत्तीनंतर गेली काही वर्षं मी फरीदाबादला राहतोय आणि इथे राहून मला एका वेगळ्याच विषयाची गोडी लागली आहे. तो विषय म्हणजे माती, आणि मातीतही जी माती आपण वाया गेलेली समजतो ती. चोपण जमीन, खारवट जमीन, जिच्यावर पांढरा थर येतो आणि काही उगवत नाही. तिच्यात राहणारे जिवाणू, त्यांचे जीनोम आणि त्यांच्यापासून मिळणारी एन्झाइम्स, एवढ्यावरच आज बोलणार आहे. मी शास्त्रज्ञ नाही. विज्ञानाची पदवी आहे, तीही चाळीस वर्षांपूर्वीची. वाचून, विचारून आणि थोडं हिंडून जे समजलं ते सांगतो.

आधी सामू. शेतकरी मंडळींना हा शब्द माहीत आहे, माती परीक्षणाच्या कागदावर असतोच. इंग्रजीत पीएच म्हणतात. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. आपल्या घरात हा सामू मोजायचं यंत्र पिढ्यान् पिढ्या आहे, ते म्हणजे हळद. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आपलं कुंकू पूर्वी असंच व्हायचं. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो, आणि थोड्या वेळाने पाण्यात परत पिवळा. म्हणजे साबणाचं पाणी अल्कधर्मी आहे, हे हळद तुम्हाला सांगत असते.

या मोजपट्टीत एक मेख आहे. एक अंक वर गेलं की हायड्रोजन आयन दहा पटीने कमी होतात. सामू ७ आणि सामू १०.५ यांत साडेतीन अंकांचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात तो तीन हजार पटींहून जास्त आहे. जिवाणूच्या दृष्टीने हे म्हणजे पुण्यातल्या माणसाला एका रात्रीत उचलून सियाचिनला नेऊन ठेवण्यासारखं आहे.

आता जमिनीकडे येतो. मी तरुण अधिकारी होतो तेव्हा, १९८०च्या दशकात, दिल्लीहून अंबाल्याकडे जीटी रोडने जाणं व्हायचं. मराठी माणूस त्या रस्त्याने गेला की पानिपत आल्यावर आपोआप गप्प होतो. मीही व्हायचो. पण पानिपत ओलांडून कर्नालकडे जाताना कुठे कुठे शेतात पांढरट पापुद्रा दिसायचा, हिमाचा थर बसावा तसा. स्थानिक लोक त्याला रेह म्हणत, अशा जमिनीला ऊसर किंवा कल्लर. जुन्या काळी उत्तरेतले धोबी हीच रेह गोळा करून कपडे धुवायला वापरत, कारण तिच्यात सोडियम कार्बोनेट असतं, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. हा धोबी लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

अशा जमिनी भारतात कमी नाहीत. कर्नालला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे, १९६९ सालची. त्या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे देशात साधारण ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त, जवळजवळ ३८ लाख हेक्टर, चोपण प्रकारातली, म्हणजे सोडियमने बिघडलेली. उपाय म्हणून जिप्सम घालतात. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो. हरियाणात हे काम चांगलं झालं. आज त्या रस्त्याने गेलात तर तो पांढरा पापुद्रा शोधावा लागेल, भाताची हिरवी शेतंच दिसतील. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली शेतं आहेत. ज्याची जमीन अशी झाली त्याला जिवाणूंचं कौतुक सांगायला जाऊ नये, तो हाकलून देईल. पण सांगायचं आहे ते हेच की ही जमीन मेलेली नसते.

हे कोणाच्या लक्षात आलं त्याची गोष्ट मला फार आवडते. कोकी होरिकोशी नावाचे जपानी शास्त्रज्ञ १९६८ साली इटलीत फ्लॉरेन्सला होते. तिथल्या जुन्या इमारती पाहताना त्यांच्या मनात आलं की हे जग जपानपेक्षा किती वेगळं आहे, आणि दोन्हीकडे माणसं आपापली संस्कृती उभी करून बसली आहेत. मग सूक्ष्मजीवांचंही असंच वेगळं जग असेल का? आम्लात वाढणारे ठाऊक होते, मध्यम सामूत वाढणारे ठाऊक होते, अल्कात कोणी फारसं पाहिलंच नव्हतं. ते परत जपानला गेले आणि जिवाणू वाढवायच्या पोषक द्रावणात धुण्याचा सोडा घातला. साधारण तीस नळ्यांमध्ये आवारातली चिमूट चिमूट माती टाकली आणि रात्रभर उबेत ठेवली. सकाळी सगळ्या नळ्यांमध्ये जिवाणू वाढलेले होते.

लक्षात घ्या, ती माती चोपण नव्हती, साधीच होती. म्हणजे सोड्यात जगू शकणारे जिवाणू सगळीकडेच आहेत, फक्त त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. यांत दोन जाती आहेत. एक अल्कसहिष्णू, म्हणजे मध्यम मातीत सुखाने राहणारे पण अल्क आलं तरी तग धरणारे. दुसरे अल्कप्रिय, ज्यांना अल्कच लागतं, सातच्या सामूत ते नीट वाढतही नाहीत. आमच्या भाषेत सांगतो. लेहला आम्ही मैदानातले जवान नेत असू, त्यांना ठरलेले दिवस विश्रांती देऊन हवेची सवय करून घ्यावी लागे, मग ते उत्तम काम करत. आणि लडाख स्काउट्सचे जवान तिथलेच. त्यांना खाली पुण्याच्या उन्हाळ्यात आणलं की तेच कासावीस. पहिले अल्कसहिष्णू, दुसरे अल्कप्रिय. उपयोगी दोन्ही.

आता असा जिवाणू जगतो कसा? पेशीच्या आतली यंत्रणा कोणत्याही जिवाणूत साधारण सारखीच असते आणि तिला दहाचा सामू चालत नाही. एका चांगल्या अभ्यासलेल्या बॅसिलस जिवाणूत असं दिसलं की बाहेर सामू १०.५ असताना आत तो साधारण ८.३ ठेवतो. बाहेरच्यापेक्षा आत शंभर पटींहून जास्त हायड्रोजन आयन. ते टिकवायला त्याच्या पेशीपटलावर पंप असतात. सोडियम बाहेर टाकायचा आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन आत घ्यायचा, आणि देण्यापेक्षा घेणं जास्त ठेवायचं. म्हणजे फाटकावर पहारा असा की एक सोडियम गेला की एकाहून जास्त हायड्रोजन आत आले पाहिजेत. शिवाय पेशीभिंतीवर आम्लधर्मी साखळ्यांचं कवच. आणि पोहायची शेपटी, जी इतर जिवाणूंत हायड्रोजन आयनांच्या जोरावर फिरते, ती इथे सोडियमच्या जोरावर. हायड्रोजनचा तुटवडा आहे ना, मग तो वायफळ खर्च करायचा नाही.

या पंपाचा शोध कसा लागला ते ऐका. होरिकोशींच्या मंडळींकडे सी-१२५ नावाचा एक वाण होता, बॅसिलस हॅलोड्युरान्स. त्यातला एक उत्परिवर्तित जिवाणू असा निघाला की तो मध्यम सामूत नीट वाढे, पण अल्कात वाढेच ना. नेमकं काय बिघडलं म्हणून डीएनए तपासला. एक अक्षर बदललेलं निघालं. एकच. जिथे जी हवा होता तिथे ए आला होता. त्यामुळे पंपाच्या एका भागातला एक अमिनो आम्लाचा मणी बदलला आणि सगळा पहारा कोसळला. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की हा पंप सात भागांचा आहे आणि त्याची सात जनुकं जीनोममध्ये एकापाठोपाठ एक मांडलेली आहेत.

२००० साली या सी-१२५चा पूर्ण जीनोम वाचून झाला. साधारण ४२ लाख अक्षरं, चार हजारांवर जनुकं. त्याआधी १९९७ साली बॅसिलस सबटिलिस या साध्या मातीतल्या जिवाणूचा जीनोम वाचला होता, तोही जवळजवळ तेवढ्याच लांबीचा. दोन भाऊ शेजारी बसवले, एक सोड्यात राहणारा, एक न राहणारा, आणि ओळीने विचारलं की याच्याकडे काय आहे जे त्याच्याकडे नाही. जीनोमचा खरा उपयोग हा. एकटा जीनोम म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. दोन जीनोम शेजारी ठेवले की गोष्ट सुरू होते.

आता एन्झाइम. मराठीत विकर म्हणतात. आपल्या लाळेत असतं ते भाताचा स्टार्च तोडतं, पोटात असतं ते डाळीतली प्रथिनं तोडतं. जिवाणूला तोंड नाही, पोट नाही. तो एन्झाइम बाहेर सोडतो, बाहेरच अन्न विरघळवतो आणि मग शोषून घेतो. आता इथे सगळ्या विषयाची किल्ली आहे. जिवाणू आपलं घर पंपांनी सांभाळतो, त्यामुळे घरातली एन्झाइम्स साधी असली तरी चालतं. पण जे एन्झाइम तो बाहेर सोडतो त्याला कोणाचं संरक्षण नाही. त्याला दहाच्या सामूत स्वतःच्या बळावर उभं राहून काम करावं लागतं. म्हणून माणसाच्या उपयोगाची एन्झाइम्स ही प्रामुख्याने बाहेर सोडलेली. अशा काही प्रोटिएजच्या रचना तपासल्या तेव्हा त्यांच्यात लायसिन कमी आणि आर्जिनिन जास्त सापडलं. लायसिनचा विद्युतभार साडेदहाच्या आसपास जातो, आर्जिनिनचा त्याच्याही पुढे टिकतो. बांधकामात साध्या सळईऐवजी न गंजणारी सळई वापरावी तसं.

आता धोब्याकडे परत. कपड्यावरचा डाग म्हणजे काय? घाम, रक्त, दूध, अंडं ही प्रथिनं. पेज, वरण-भात हा स्टार्च. तेल-तूप वेगळं. १९१३ साली जर्मनीत ओटो रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडाचा अर्क धुण्याच्या पावडरीत घालायचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम, पण ते एन्झाइम पोटातलं, सोड्याच्या पाण्यात ते टिकेना. पन्नास वर्षं हा प्रश्न तसाच राहिला. १९६०च्या दशकात जिवाणूंची प्रोटिएज आली, मग अल्कप्रिय बॅसिलसची आली, आणि गाडी सुरू झाली. तुमच्या बादलीत पावडर टाकली की पाण्याचा सामू दहाच्या आसपास जातो. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामूही साडेनऊ ते साडेदहा. सामूपुरतं बोलायचं तर तुमची बादली म्हणजे एक छोटं लोणार आहे. जो तिथे जगतो, त्याचं एन्झाइम इथे चालणार. यात जादू काही नाही.

१९८७ साली जपानच्या काओ कंपनीने अल्कप्रिय बॅसिलसचं सेल्युलेज घातलेली पावडर बाजारात आणली. सेल्युलेज सुतावर आलेला बारीक कुसकुशा भाग खातं आणि कपडा पुन्हा तुकतुकीत दिसतो. त्याआधी १९८५ साली अमेरिकेत प्रोटिएजचा एक कच्चा दुवा बदलला गेला. २२२व्या जागेवरचं मेथिओनिन ब्लीचने खराब व्हायचं. ते काढून दुसरं अमिनो आम्ल बसवलं आणि एन्झाइम ब्लीचलाही पुरून उरलं. जनुक हातात असल्याशिवाय अशी दुरुस्ती करता येत नाही.

आता चार गोष्टी व्यवहाराच्या, कारण भाषण झाल्यावर घरी विचारतात, मग आम्ही काय करायचं. एन्झाइमची पावडर असेल तर उकळतं पाणी ओतू नका, एन्झाइम मरतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, त्याला काम करायला वेळ लागतो. पैठणी आणि लोकर त्यात घालू नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच आहेत, प्रोटिएजला डाग आणि पदर यांतला फरक कळत नाही. आणि हळदीचा डाग एन्झाइमने जाणार नाही, हळद हा रंग आहे, अन्न नव्हे. तो उन्हात वाळवून फिका पडतो. आपल्या आज्या बरोबर होत्या. आणखी एक. सुरुवातीच्या काळात एन्झाइमची धूळ कारखान्यातल्या कामगारांच्या छातीत जाऊन दम्याचा त्रास झाला. म्हणून आता त्याचे दाणे करून वर थर देतात. फायद्याच्या गोष्टीची ही बाजूही सांगितली पाहिजे.

कपड्यांपलीकडेही मोठं जग आहे. कागदाचा लगदा पांढरा करायला क्लोरिन लागतं आणि ते नदीत जातं. १९८०च्या दशकात फिनलंडमध्ये असं दिसलं की लगद्याला आधी झायलानेज एन्झाइम दिलं तर क्लोरिन कमी लागतं. लगदा गरम आणि अल्कधर्मी असतो, म्हणून एन्झाइमही तसंच हवं. शिवाय त्यात सेल्युलेजची भेसळ नको, नाहीतर कागदाचा धागाच तुटतो. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अल्कप्रिय बॅसिलसच्या झायलानेजवर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काम झालेलं आहे. चामड्यावरचे केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. कानपूरला ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथेही अल्कात चालणारं प्रोटिएज सल्फाइडचं काम बऱ्याच अंशी करू शकतं. सुती कापड रंगवण्याआधी कॉस्टिक सोड्यात उकळतात. त्याऐवजी पेक्टिनेज वापरलं की कमी उष्णतेत, कमी सोड्यात काम होतं. फरीदाबाद आणि पानिपत ही कापडाची आणि रंगाईची गावं. यमुना इथून वाहते. तेव्हा हा प्रश्न आम्हाला पुस्तकातला वाटत नाही.

आता लोणार. बुलढाणा जिल्हा, बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. वय किती यावर वाद आहे, पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण स्थानिकांना ते लवणासुराच्या कथेतून कधीचंच ठाऊक होतं. तळ्याच्या काठाचा खार गोळा करून विकला जायचा, त्याच्या दल्ला, खुप्पल, पपडी अशा प्रती ठरलेल्या होत्या. म्हणजे तोही धंदा धुण्याच्या सोड्याचाच.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या पाण्यातून जिवाणू वेगळे केले आणि त्यांतले काही इतके वेगळे निघाले की त्यांना नवी प्रजातीच नव्हे, नवं कुळनाम द्यावं लागलं. २०१० साली इंडिबॅक्टर अल्कलिफिलस. २०१२ साली सेसेम्बिया लोनारेन्सिस. सेसेम्बिया हे नाव सीसीएमबी या अक्षरांवरूनच केलेलं आहे आणि लोनारेन्सिस म्हणजे लोणारचा. हा दुसरा जिवाणू मीठ आणि अल्क दोन्ही सहन करणारा. दोघांचेही जीनोम वाचून झालेले आहेत. लोणार गावाचं नाव जगभरच्या जिवाणूंच्या यादीत लागलं, ही मला गावाच्या वेशीवर पाटी लावण्यासारखी गोष्ट वाटते. कोणी लावली आहे का, बघायला पाहिजे.

२०२०च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, सगळ्यांनी फोटो पाहिले असतील. नागपूर खंडपीठाने विचारणा केली, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून मीठ वाढल्यावर मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले होते आणि रंग त्यांचा होता. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ झालं.

आणि आता फरीदाबाद. इथे फरीदाबाद-गुरुग्राम रस्त्यावर जैवतंत्रज्ञान संस्थांचा मोठा परिसर आहे. त्यातल्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीमध्ये १० नोव्हेंबर २०२२ रोजी इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरचं उद्घाटन झालं. सरकारी पैशातून देशात जे जीवशास्त्रीय संशोधन होतं त्याची माहिती साठवायचं हे राष्ट्रीय कोठार. क्षमता चार पेटाबाइट, ‘ब्रह्म’ नावाचा महासंगणक, आणि आपत्ती आलीच तर दुसरी प्रत भुवनेश्वरला. मला हे भुवनेश्वर विशेष आवडलं. दारूगोळा एकाच ठिकाणी ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. जानेवारी २०२४ मध्ये याच परिसरात विज्ञान महोत्सव झाला, तेव्हा मी तिथे दोन दिवस हिंडलो. एका तरुण संशोधिकेने पडद्यावर एका मातीतल्या जिवाणूचा जीनोम दाखवला. मी विचारलं, "बेटा, ही माती कुठली?" ती म्हणाली, "सर, नोंदीत फक्त इंडिया लिहिलंय."

फौजेत असा नकाशा कोणी आणून दिला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. ग्रीड रेफरन्स कुठे आहे? तारीख? किती खोलीवरून घेतली? सामू किती होता? अक्षरं बेचाळीस लाख अचूक आणि ठिकाण ‘भारत’, हे मला पटत नाही. आणि हा नुसता नीटनेटकेपणाचा हट्ट नव्हे. पुढचा सगळा प्रश्न याच्यावर उभा आहे.

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यातून १९६०च्या दशकात एक जिवाणू मिळाला. त्याच्या एन्झाइमवर पीसीआर तंत्र उभं राहिलं, तेच कोविडच्या काळात आपल्या नाकात काडी घालून करत होते ते. १९९१ साली पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरना विकले गेले. उद्यानाला त्यातलं काही मिळालं नाही. दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे, केनियातल्या सोडा सरोवरांचं. तिथल्या अल्कप्रिय जिवाणूंपासून मिळालेली एन्झाइम्स धुण्याच्या पावडरीत आणि जीन्सच्या कापडासाठी वापरली गेली, आणि २००४च्या सुमारास केनियाच्या वन्यजीव खात्याने आपला वाटा मागितला. वाद बराच चालला. पण वाटा मागता आला, कारण जिवाणू कुठल्या सरोवरातला हे माहीत होतं.

आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, गावोगावी जैवविविधता समित्या आहेत, निदान कागदावर आहेत. पण तो कायदा झाला तेव्हा डोळ्यांसमोर मुळी, साली, बिया होत्या. आज कोणाला लोणारला यायची गरजच नाही. जीनोमची अक्षरं संगणकावरून उतरवायची, हवं ते जनुक यंत्रावर बनवून घ्यायचं, दुसऱ्या जिवाणूत बसवायचं आणि टाकीत एन्झाइम तयार. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ नावाचा आंतरराष्ट्रीय निधी सुरू झाला, अशा अक्षरांपासून कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात वाटा द्यावा म्हणून. देणं ऐच्छिक आहे. ऐच्छिक वर्गणीचा गणेशोत्सव मंडळांना जो अनुभव आहे तो तुम्हाला माहीत आहे.

काही जण म्हणतात, मग कुलूपच लावा, अक्षरं दाखवूच नका. मला ते मान्य नाही. मी आज जे बोलतोय ते सगळं दुसऱ्यांनी उघडं ठेवलं म्हणून मला कळलं. सी-१२५चा जीनोम जपान्यांनी बंद ठेवला असता तर आपल्या मुलांनी कशाशी तुलना केली असती? अक्षरं उघडी असू देत. पण त्यांच्यावर गावाचं नाव असू दे आणि जिवंत जिवाणू आपल्या संग्रहात असू दे. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, चंडीगडला एमटीसीसी आहे, तिथे वाण गोठवून ठेवतात. कारण जीनोममध्ये अजूनही पुष्कळ जनुकांपुढे लिहिलेलं असतं, ‘काम अज्ञात’. ते काम शोधायचं तर जिवाणू हातात लागतो. एका अक्षराने पंप बंद पडतो हे कळलं ते नुसत्या अक्षरांवरून नव्हे. तो जिवाणू नळीत वाढला नाही, म्हणून कळलं.

आणि तळं लागतं. लोणारच्या तळ्यात गावाचं सांडपाणी जातं या तक्रारी वर्षानुवर्षं न्यायालयापुढे आहेत. शेजारच्या गोड्या पाण्याचे झरेही आहेतच. आपल्याला वाटतं, गोडं पाणी आलं म्हणजे तळं सुधारलं. इथे उलट आहे. गोडं पाणी जितकं वाढेल तितका खार पातळ होणार, सामू उतरणार, आणि जे जिवाणू दहाच्या सामूत राजे आहेत ते मध्यम पाण्यातल्या साध्या जिवाणूंपुढे टिकणार नाहीत. लेहचा जवान मैदानात आणल्यासारखं होईल. तळं दिसायला भरलेलं, निळं, पर्यटकांना आवडेल असं, आणि आतून इतर कुठल्याही तलावासारखं. चोपण शेत जिप्समने सुधारलं तर मी आनंदाने टाळी वाजवीन, तिथे माणसाचं पोट आहे. लोणार हे शेत नव्हे. तिथला खार हाच ठेवा आहे.

कर्नालच्या संस्थेचं एक काम मात्र सांगायचं राहिलं. त्यांच्या लखनौ केंद्राने चोपण जमिनीत टिकणाऱ्या सूक्ष्मजीवांचं ‘सीएसआर-बायो’ नावाचं मिश्रण तयार केलं आहे. बियाण्याला, रोपांना लावायचं. साधी जिवाणू खतं अशा जमिनीत मरतात, ही तग धरतात. ‘सीएसआर-३०’ नावाचा क्षार सहन करणारा बासमतीही त्यांचाच. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूनेही या जिवाणूंचा उपयोग आहे. खारपाणपट्ट्यातलं कोणी ऐकत असेल तर आपल्या कृषी विज्ञान केंद्रात याची चौकशी करा. आणि महाविद्यालयातली मुलं ऐकत असतील तर मातीचा नमुना घेताना मोबाइलवर अक्षांश-रेखांश, तारीख, खोली आणि सामू तिथल्या तिथे लिहून ठेवा. सामूच्या कागदी पट्ट्यांची डबी फार महाग नसते. शेतकऱ्याचं नाव वहीत वेगळं लिहा आणि निकाल आल्यावर त्याला फोन करा.

प्रश्न असतील तर खाली लिहा. हळदीच्या डागाबद्दल पुष्कळ येणार याची मला कल्पना आहे.